दीड सूत

रामाजीचं पान छपरावर आणि टिकारामाचं पाण्यावर, हा पचाऱ्यांच्या घरचा पितृपक्षातला रिवाज. रामाजी खाटेवर मेला, पोटभर जगून, म्हणून त्याचा घास कावळ्याला. त्याचा धाकटा भाऊ टिकाराम एकोणसत्तर साली वैनगंगेत डोंग्यासकट, आपल्या लाकडी होडीसकट, गेला तो परत आलाच नाही, म्हणून त्याचा घास पाण्याला. आता भिलाईत अंगणात नदी कुठून आणायची? म्हणून पितळेची मोठी परात मांडायची, काठोकाठ पाणी भरायचं आणि पळसाच्या पानांचा द्रोण त्यावर तरंगत सोडायचा. द्रोणात वडा, खीर, भाताची मूद. कलावती या घरात सून होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं, ती परात तिनेच भरली होती. चुलतसासऱ्याचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला वडा किती कडक लागतो हे ती शपथेवर सांगू शकली असती.

यंदाही तिनं दोन बादल्या ओतल्या. द्रोण सोडला, हात जोडले आणि गंध लावायला हत्यारं आणावीत म्हणून मागच्या टपऱ्याकडे निघाली. जाताना तिला खोकला आला. घशात आठ दिवसांपासून कोरड होती. सकाळी मिरचीच्या फोडणीनं सगळं घर खोकत होतं, सून रत्नमालाही पदरानं डोळे पुसत होती, पण कलावतीच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. म्हातारपण म्हणायचं आणि पुढे चालायचं, असा तिचा स्वभाव.

टपरा म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांची खोली. प्लांटचं क्वार्टर सोडून रुआबांध्याला घर बांधलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं, शामसुंदरनं, आधी टपरा उभा केला आणि मग घर. भिंतीवर सात मोहरे टांगलेले होते. मोहरा म्हणजे डोंग्याच्या नाकावर बसवायचं लाकडी तोंड, शिवणीच्या एका ओंडक्यातून कोरलेलं. मगर म्हणावं तर मगर नव्हे, मासा म्हणावं तर मासा नव्हे, पण एकदा बघितलं की पाण्यातलं आहे एवढं कळतंच. त्याच्या बुडाला रुंद कुसू ठेवतात, ते डोंग्याच्या खाचेत बसतं. सातही मोहरे एकडोळे असायचे. उजवा डोळा कोरलेला, डाव्या जागी नुसती पापणी मिटलेली. एक डोळा घरी, दुसरा पाण्यापाशी, असा नियमच होता. नदीच्या काठावर, डोंगा पाण्यात उतरताना, मगच कारागिरानं डावा डोळा उघडायचा. भिलाईत डोंगे नव्हते, म्हणून डावे डोळे मिटलेलेच राहिले. रामाजीनं हाताची सवय मोडू नये म्हणून कोरले, त्याच्यामागे शामसुंदरनं कोरले, आणि गेल्या वर्षी शामसुंदरच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तो बाजेवर बसून तोंडानं सांगायचा आणि नात समृद्धी हातानं कोरायची.

शेवटच्या मोहऱ्यावर गोणपाट टाकलेलं होतं. ते कलावतीनं तरी टाकलं नव्हतं. तिनं ते ओढलं.

मोहऱ्याला दोन डोळे होते.

उजवा डोळा सरळ समोर पाहत होता, इतर सहांसारखाच. डावा तिच्याकडे पाहत होता. ती धारेच्या दगडाकडे सरकली. डोळा तिच्याकडेच. ती दाराच्या बाजूला गेली, तरीही. खाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग होता. वर पत्रा धड होता, पावसानं चार दिवस उघाड दिली होती. कलावतीनं डागावर बोट टेकवलं आणि हुंगलं. त्या वासानं तिला तिचं माहेर आठवलं, पवनीच्या घाटावरची शेवाळलेली पायरी. इथे रुआबांध्यात, प्लांटच्या लाल धुळीत, तो वास यायचं काही कारण नव्हतं.

कोणी उघडला हे तिला विचारावं लागलं नाही. समृद्धीच्या डाव्या अंगठ्याला आठ दिवस पट्टी होती आणि भाजी चिरताना लागलं असं ती सांगत होती. या घरात समृद्धीनं भाजी चिरली असती तर पेढे वाटले असते. शिवाय गोल पटाशी कलावतीनं मागच्या पंधरवड्यात धार लावून ठेवली होती, आणि तिची धार आता बसलेली होती. पन्नास वर्षं या घरात कोरणाऱ्यांचं नाव झालं, धार लावणारीला कोणी विचारलं नाही. पण धारेला सगळं कळतं.

तिनं गोणपाट पुन्हा टाकलं, हत्यारांची पेटी उचलली आणि बाहेर आली. परातीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. कुत्रं प्यायलं असेल म्हणावं तर फाटक लावलेलं होतं. तिनं गुपचूप आणखी एक तांब्या ओतला.

झाकली मूठ जेवणापर्यंत टिकेल, असा तिचा अंदाज होता. पेटीच बाहेर आणली की शामसुंदरला टपऱ्यात जायचं कारण उरणार नाही. पण नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा जुना असला तरी आज्ञेत असतोच असं नाही. त्यानं हत्यारांना गंध लावलं, मग मोहऱ्यांनाही लावतो म्हणाला आणि काठी टेकत टपऱ्यात गेला. मग त्यानं मुलाला, धनंजयला, हाक मारली, सुनेला हाक मारली आणि शेवटी नातीला. बायकोला हाक मारली नाही, ती आधीच दारात उभी होती.

"कोनं उघडला?" शामसुंदर म्हणाला.

धनंजयनं मोहऱ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. रेल मिलमध्ये लालभडक रूळ अंगाजवळून जाताना न हलणारा माणूस, पण त्यानं दारची चौकट धरली. घरात सुतार येऊन गेला का, असं काहीतरी तो पुटपुटला. समृद्धी खाली पाहत होती. रत्नमाला मात्र बोलली. ती एरवी सासऱ्यासमोर बोलत नसे, पण त्या दिवशी तिनं मोजून सगळं सांगितलं.

"मामाजी, मी आठ दिवसांपासून सांगून राहिली. सांजच्याला भरलेला माठ सकाळी कोरडा रायते. तुळशीले दोनदा पानी घालते तरी माती भुरभुर उडते. ह्यायचं तोंड सुकते म्हणून दवाखान्यात शुगर पाह्यली, थे बी निघाली नाही. मले वाटलं गर्मी होय. हे गर्मी नोहे."

"नोहे," शामसुंदर म्हणाला. त्याची जीभ टाळूला चिकटत होती, प्रत्येक शब्द सोडवून घ्यावा लागत होता. "डोळा उघडला की त्याले पानी दाखवा लागते. नाही दाखवलं तं थो आपलं पानी आपनच शोधते. अन् सगळ्यात जवळचं पानी मानसाच्या अंगात रायते."

कलावतीनं नकळत समृद्धीचा दंड धरला. पोरीची कातडी कागदासारखी कोरडी लागली. मोहरा कोणाचंही पाणी घेवो, पण ज्यानं डोळा उघडला त्याचं आधी घेणार, हे कोणी न सांगताही तिला कळत होतं.

मग ठरवाठरवी सुरू झाली. रत्नमालाचं म्हणणं सरळ होतं, मोहरे लाकडाच्या वखारीत द्या नाहीतर जाळा, पण घरातून काढा. धनंजय बायकोच्या बाजूनं झाला, ही गोष्टही नवीनच. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तोच मित्रांना आणून आजोबाची कला दाखवत होता. शामसुंदर म्हणाला, जाळायचे नाहीत. डोळ्याला पाणीच दाखवायचं, आजच, दिवस मावळायच्या आत. शिवनाथ नदीवर जाऊ आणि सातही सोडून देऊ. आणि मग त्यानं अंगणातल्या पेटीकडे बोट केलं.

"थे बी. वाकस, पटाश्या, सगळं. पाच पिढ्यायचं काम माह्यापाशी संपलं म्हना. ज्यानं डोळा उघडला त्यानं म्होरं उतराचं पान्यात, गुडघ्यापर्यंत. थो नियम हाय."

समृद्धीनं मान वर केली. हत्यारं जाणार म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला की कलावतीला तिच्या लहानपणची ताप चढल्यावरची आठवण झाली. ती बोलणार, सगळं सांगून टाकणार, हे दिसत होतं. गुडघाभर पाण्यात ही पोर पुढे जाणार आणि मागून तो डोळा. कलावतीनं तिच्याआधी तोंड उघडलं.

"म्या उघडला," ती म्हणाली.

शामसुंदर आधी हसला. "तुले पटाशी धरता येते?"

"पन्नास वर्स धार कोनं लावली? पटाशी धरल्याबिगर धार लागते का?"

पण शामसुंदर पॅटर्न शॉपचा माणूस. प्लांटमध्ये लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करतात, तो करण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली होती. माणूस खोटं बोलेल, लाकूड बोलत नाही, असं तो म्हणे. त्यानं धनंजयला मोहरा खाली उतरवायला लावला आणि पेटीतली आपली नेहमीची पट्टी मागितली. ती इतकी झिजलेली होती की आकडे बोटानं चाचपून वाचावे लागत. नाकाच्या टोकापासून उजवा डोळा दहा इंच. बरोबर. नाकाच्या टोकापासून डावा डोळा.

त्यानं पुन्हा मोजलं. मग कुसू मोजलं, तेही नवीन कापलेलं होतं, त्याचीही रुंदी दहा इंच असायला हवी होती.

"दीड सूत जास्त," तो म्हणाला. "दोन्हीकडं दीड सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्यानं डोळा मागे सरकला होता आणि म्हणून तो समोर पाहायच्या ऐवजी बाजूला पाहत होता, जिथं उभं राहावं तिथं. कलावतीला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे माप चुकलं एवढंच! पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं काही नव्हतं. तो पांढरा पडला होता.

"कोनत्या पट्टीनं?" त्यानं विचारलं, आणि हे तो बायकोला विचारत नव्हता.

समृद्धी आत गेली आणि एक पट्टी घेऊन आली. पोलादी, चकचकीत, जणू कालच घेतलेली. "आजोबा, तुमच्या पट्टीचे आकडे दिसत नव्हते," ती म्हणाली. "पणजोबांच्या ट्रंकेत खाली, मेणकापडात ही होती. एकदम नई जैसी. मला वाटलं जपून ठेवली म्हणजे हीच चांगली असंल." तिनं बाकीचंही सांगितलं. शिवनाथेवरचा रोशन निषाद नवी नाव बांधत होता. त्याच्या आजाच्या नावेला बासष्ट साली रामाजीनं मोहरा दिला होता, तसाच त्याला हवा होता. त्यानं तिला विचारलं, आजोबांना नाही. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कोणी मोहरा मागितला होता. नदीवर सगळ्यांसमोर हात चुकला तर, म्हणून तिनं डोळा आधीच घरी कोरून पाहिला. "मैंने सोचा, एकदा करून बघते. आजी खोटं बोलतेय आजोबा. मीच."

शामसुंदरनं तिला रागावलं नाही. तो खाली बसला, ओल्या फरशीवरच. धोतर ओलं झालं तरी उठला नाही.

"थे खोटी पट्टी होय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, हळूहळू, आणि कलावती अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं. म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको, म्हणून शॉपमध्ये एक वेगळी पट्टी असते, तिचा इंचच मुळी मोठा. दिसायला दुसरीसारखीच. नवीन पोरांना सांगतात, ही खोटी पट्टी, हिच्यानं लोखंडाचं काम करा, दुसरं काही नका करू. लाकूड निवत नाही, लाकूड आकसत नाही.

"एकोणसत्तर साली मी एकोणीस वर्साचा होतो, ट्रेनिंगले लागून दोन महिने झाले होते. टिकाकाकाचा नवा डोंगा होता, बाबा घरी मोहरा कोरून राहिले होते. म्हणाले, पट्टी दे. म्या शॉपमधून आनलेली दिली. नवी होती, चमकत होती. बाबाच्या मापाले कोनी दुसऱ्यांदा मोजत नव्हतं." त्यानं पाणी मागितलं, धनंजयनं तांब्या आणला, पण तांब्यात तळाला घोटभरच होतं. "कुसू खाचेत बसे ना. टिकाकाका म्हणे, भावाचं माप चुकनार नाही, खाचच लहान झाली. घनानं ठोकलं. डोंग्याच्या नाकाले चीर गेली अन् कोनाले दिसली नाही. भर पुरात उघडली."

बाहेर प्लांटचा भोंगा झाला आणि संपला.

"अन् नियम?" रत्नमालानं विचारलं. तिनंच विचारावं हे बरोबर होतं. या नियमाच्या धाकात लग्नानंतरची बावीस वर्षं तिनं या टपऱ्यात एकटीनं पाय ठेवला नव्हता.

"नियम नदीचा नोहे, पोरी. पवनीले असा नियम नव्हता. बाबानं केला, त्या सालानंतर. घरी डोळा उघडाचा नाही म्हनजे मोहरा पुरा होत नाही, पुरा झाला नाही तं कोनाच्या डोंग्यावर जात नाही. त्यायनं मले कधी बोल लावला नाही. नुसता नियम केला. पट्टी फेकाले दिली, म्या फेकली नाही. लपवली. दोन पट्ट्या हाय हे कोनाले सांगितलं असतं तं कारन सांगा लागलं असतं." त्यानं नातीकडे पाहिलं. "मी लपवली म्हनून तुले सापडली."

म्हणजे भीती खोटी होती. माणसानं आपली चूक झाकायला नियम केला, आणि घरानं पंचावन्न वर्षं तो खरा मानला. धनंजयनं मोठ्यानं श्वास सोडला आणि जेवायला चला म्हणाला. सगळे अंगणात आले. आणि थांबले.

परात कोरडी होती. द्रोण पितळेवर टेकलेला होता, थोडा कललेला, काठाला आलेल्या होडीसारखा. खिरीची पापडी झाली होती. परातीला कुठे भोक नव्हतं, खालची जमीन कोरडी ठणठणीत होती. कलावतीनं अर्ध्या तासापूर्वी त्यात तांब्या ओतला होता. नियम रामाजीनं केला होता हे खरं, पण हे पाणी रामाजीनं नेलं नव्हतं.

"नियम खोटा असंन," कलावती म्हणाली, "पन प्यासलेला खरा हाय. चला नदीवर."

शामसुंदर पेटी घेऊन निघाला. कलावतीनं ती त्याच्या हातून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला, आता तर नक्कीच सोडायची, ज्या हातानं माणूस मारला त्याची हत्यारं मागे ठेवून काय करायचं. सात मोहरे भाड्याच्या गाडीत मागे ठेवले. डोळ्याचा मोहरा समृद्धीनं मांडीवर घेतला होता आणि कलावतीनं तिच्या आणि त्याच्यामध्ये स्वतःचा हात ठेवला होता. हात गार पडत गेला, पण तिनं काढला नाही.

शिवनाथेला पाणी बरंच होतं, गढूळ आणि शांत. रोशनची नाव काठावर आडवी होती, डांबराचा वास येत होता. त्यानं नाकाची खाच आजाच्या जुन्या मोहऱ्यावरून कापली होती, दहा इंच, नेमकी. पितृपक्षात मोहरा आला म्हणून तो थोडा बिचकला, पण शामसुंदरला पाहून पाया पडला.

समृद्धी पाण्यात उतरली. कलावती तिच्यामागे उतरणार तोच रत्नमाला साडी खोचून पुढे झाली. मोहरे जाळा म्हणणारी हीच सून.

"आत्याबाई, तुमी थांबा. माही पोरगी हाय," ती म्हणाली, आणि लेकीच्या कमरेला धरून गुडघाभर पाण्यात गेली. कलावती तरीही गेली. तिघींनी मिळून मोहऱ्याचं नाक पाण्यात बुडवलं. तो त्यांच्या हातात जड होत गेला, ओढल्यासारखा, आणि समृद्धीचे पाय वाळूत सरकले. रत्नमालानं पकड सोडली नाही. मग एकदम तो हलका झाला. पाण्यावर चार-दोन बुडबुडे आले, एवढंच.

बाहेर आल्यावर मोहरा रोशनच्या नावेवर बसवायला धनंजयनं घण उचलला आणि शामसुंदर त्याच्यावर ओरडला. आयुष्यात तो इतक्या मोठ्यानं ओरडला नसेल. "घन नाही! रंधा. दीड सूत उतरव आधी."

समृद्धीनं रंधा घेतला. पण रंधा मारायच्या आधी मोजायचं, हे तिला आजोबानंच शिकवलं होतं. तिनं झिजलेली खरी पट्टी कुसूवर ठेवली, आकडे बोटानं चाचपले, आणि तशीच बसून राहिली. मग पट्टी आजोबाच्या हातात दिली. शामसुंदरनं ती धनंजयकडे सरकवली आणि त्यानं मोजलं.

"दहा," धनंजय म्हणाला.

"नीट पाय."

"दहा बाबा. बरोबर दहा."

नाकापासून डाव्या डोळ्यापर्यंत मोजलं. दहा. ओलं लाकूड फुगतं, हे शेंबडं पोरही सांगेल. भिजल्यावर आकसलेलं लाकूड त्या पाच जणांपैकी कोणी पाहिलं नव्हतं. रोशननं मोहरा उचलला आणि खाचेवर ठेवला, तळहातानं थोडा दाबला, आणि तो गुपचूप बसला.

"बने बइठ गे बबा," छान बसला, असं तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला. त्याला यात नवल काही दिसलं नाही.

शामसुंदरनं लाकडावर हात ठेवला, जसा तो शॉपमध्ये ओतकामावर ठेवत असे, आधी उलटा, मग सुलटा.

"निवलं," तो म्हणाला.

कलावतीनं हा शब्द त्याच्या तोंडून हजारदा ऐकला होता. दूध निवलं, ओतकाम निवलं, धनंजयचा ताप निवला. आज तो कशाबद्दल म्हणत होता हे तिला कळलं. पंचावन्न वर्षं पाण्यात गेलेलं कोणीतरी तापलेलं राहिलं होतं आणि कोणी त्याच्याशी खरं बोललं नव्हतं.

त्यानं खोटी पट्टी खिशातून काढली आणि पाण्याकडे हात उचलला. समृद्धीनं तो हात धरला.

"आजोबा, फेकली तं पुढच्याले कसं कळन कोनती खोटी होय?" ती म्हणाली. पहिल्यांदाच ती पूर्ण वाक्य घरच्या बोलीत बोलली होती.

शामसुंदर तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा हात खाली आला. कलावतीनं पदराची किनार दातांनी फाडली, पट्टीच्या टोकाला घट्ट गाठ मारली, आणि पेटी उघडून तिच्यात ठेवली, खऱ्या पट्टीपासून वेगळ्या कप्प्यात. मग पेटी बंद करून स्वतःच्या काखेत घेतली. कोणी अडवलं नाही. पटाशीची धार बसली होती, घरी जाऊन लावायची होती. गाडीतले सहा डोळे अजून मिटलेले होते.

रोशननं नाव लोटली. मोहरा आता कलावतीकडे पाहत नव्हता, कोणाकडेच नाही, दोन्ही डोळे सरळ पाण्यावर. कलावतीच्या नाकाच्या शेंड्यावर काहीतरी ओघळलं. तिनं हात लावून पाहिलं. आठ दिवसांनी तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि तिनं ते पुसलं नाही.